माझ्यानंतरचा कप

"हिच्यानंतर नको," मॅडम म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "त्या ओतणारीला सांग, दुसरा कप आणायला."

मराठीत म्हणाल्या. त्या खोलीत ते फक्त मलाच कळलं. आणि अरबीत सांगायचंही मीच.

अमिरातीतल्या अल ऐन गावातलं घर. बायकांची बैठक. भिंतीला टेकून बसलेल्या आठदहा जणी. अरबी कॉफीचे कप बिनकानाचे, घोटभर मावेल एवढे. दोनतीनच असतात, तेच सगळ्यांत फिरतात. प्यायचं, पुरे झालं की कप जरा हलवून परत द्यायचा. त्याच कपात पुढचीला ओततात. पहिल्या फेरीत मॅडम शेजारच्या अरब बाईनंतर प्यायल्या होत्या. हौसेनं. दुसऱ्या फेरीत मी प्यायलेला कप भरून त्यांच्यापुढे आला, आणि त्यांनी हात मागे घेतला.

घरातल्या म्हाताऱ्या मालकिणीनं मला विचारलं, "काय म्हणतेय पाहुणी?"

"पुरे म्हणतात," मी सांगितलं.

मॅडम म्हणजे आमच्या कंपनीच्या मालकांची बायको. अरब संस्कृती आणि राजकारणावरचा त्यांचा लेख दर आठवड्याला फॅक्सनं पुण्याच्या एका वर्तमानपत्राला जायचा. मी त्यांच्या दुबईच्या ऑफिसात टायपिस्ट. मराठवाड्यातल्या कॉलेजात अरबी शिकलेली. म्हणून अरबी पेपर वाचून त्यांना अर्थ सांगायचा, दुभाषी म्हणून मागे मागे जायचं. त्यांच्या घरी सगळ्यांना चहा चिनी मातीच्या कपात, मला कागदी पेल्यात. "धुवायची कटकट नको," म्हणायच्या. मी मान डोलवायची. व्हिसा कंपनीचा, पासपोर्ट साहेबांच्या कपाटात. अडला हरी, गाढवाचे पाय धरी. फक्त हे गाढव फार सुशिक्षित होतं.

मलाही लिहायचं होतं. एकदा धीर करून माझा लेख त्यांना दाखवला. वाचून म्हणाल्या, "छान जमलाय गं. पण या आडनावानं अरबांवरचं कोण वाचणार? तुमच्या लोकांनी तुमच्या दुःखावर लिहावं."

अल ऐनहून परतल्यावर त्यांचा लेख टाइप करायला माझ्याच टेबलावर आला. 'इथे एकच कप सगळ्यांच्या ओठांना लागतो. उच्च नाही, नीच नाही. आपण हे कधी शिकणार?'

माझं डोकं सणकलं. आणि मला ती आठवली. त्या बैठकीच्या दारात एक बाई उभी होती. श्रीलंकेची, घरकामाची. कप धुणं तिच्याकडे. सगळ्या फेऱ्या झाल्या, एकही कप तिच्यापर्यंत गेला नाही. तिचाही पासपोर्ट कुणाच्या तरी कपाटात असणार. मॅडमना ती दिसलीच नव्हती.

मी कागद घेऊन त्यांच्यासमोर गेले.

"मॅडम, हे खोटं आहे. मी टाइप करणार नाही."

"अगं, तो हायजीनचा इश्यू होता. इतकं पर्सनली काय घेतेस?"

"शेजारणीनंतर प्यायलात तुम्ही."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग आवाज न चढवता म्हणाल्या, "व्हिसा कुणाचा आहे ते विसरू नकोस. साहेब खलास म्हणाले की खलास."

"नाही विसरले. बिलं टाइप करीन, पत्रं टाइप करीन. तुमच्यासाठी अरबी वाचणार नाही."

त्यांनी मला काढलं नाही. अल क्वोजच्या गोदामात पाठवलं, पत्र्याखाली माल मोजायला. पासपोर्ट मागितला, दिला नाही. करार संपेपर्यंत मी अडकलेलीच होते. सुटले बिटले नव्हते. भट्टीसारख्या त्या शेडमध्ये खोक्यावर कागद ठेवून लिहायला लागले. अरबांवरच. त्यांच्या राजकारणावर, कवितेवर, घरांवर. माझं दुःख लिहायचं तेव्हा माझ्या मर्जीनं लिहीन, मॅडमनी नेमून दिलं म्हणून नाही.

त्या बैठकीवरचा लेख दारातल्या बाईपासून सुरू केला. मग कॉफी. मग मागे घेतलेला हात. खाली माझं पूर्ण नाव. एका संपादकांनी कळवलं, लेख उत्तम आहे, फक्त आडनाव गाळलं तर बरं. मी तो परत मागवला आणि दुसरीकडे धाडला. तिथूनही परत आला. तिसरीकडे धाडला.

लेख पडून राहील, चालेल. आडनाव निघणार नाही.