बेगमभाभींच्या मापाची मैना

सलाउद्दीनभाई टेलर आणि मी पंचवीस वर्षं एकाच गाळ्यात बसतो. पुढं त्यांचं मशीन, मागं माझं पिको-फॉलचं. जुन्या नाशकातला गाळा, इतका अरुंद की ते शिंकले तर माझा दोरा तुटतो. माणूस सोन्यासारखा, पण दिलेल्या तारखेला कपडा? नाव काढू नका! "परवा नक्की, कुसाताई," असं मलासुद्धा सांगतात, आणि मी तिथंच बसलेली असते.

दुसरा त्यांचा नियम म्हणजे बाईच्या अंगाला टेप लावायचा नाही. वडिलांनी घालून दिलेला. "मापाचा ड्रेस आणा," एवढंच म्हणायचं. बाईनं नीट बसणारा जुना ड्रेस आणायचा, त्यावरून हे नवा शिवणार. आणि शिवतात असा की बाई आरशापुढून हलत नाही.

अशा माणसाच्या बायकोला, बेगमभाभींना, बारा वर्षं नवऱ्याच्या हातचा एक ड्रेस मिळालेला नाही. बारा वर्षांपूर्वी त्यांच्या आईनं मालेगावहून तलम सुती कापड आणून दिलं. वर्षाच्या आत अम्मी गेल्या. भाभींनी ते कापड नवऱ्याकडं दिलं, नवऱ्यानं कपाटात टाकलं. दर ईदला भाभी विचारायच्या, दर ईदला एकच उत्तर, "गिऱ्हाईकांचं होऊ दे, मग तुझंच." बाजारातले तयार नायलॉनचे ड्रेस घालून ती बाई बारा उन्हाळे घामाघूम झाली. यंदा पुतणीचा, खुशनुमाचा निकाह ठरला, तेव्हा मात्र त्यांनी गाळ्यावरच्या घरातून उतरता उतरता जिन्यावरूनच ठणकावलं, "इस बार अम्मी के कपड़े में जाऊंगी, वरना जाऊंगीच नहीं!" सलाउद्दीनभाई म्हणाले, "परवा नक्की."

त्याच आठवड्यात ललितशेठ आले. दिंडोरी रोडला त्यांचं लॉन्स आहे. लग्नात गेटवर उभी करायला त्यांनी यंत्राची बाई आणली होती. माणसाएवढी, पांढऱ्या प्लास्टिकची, नमस्कार करणारी, गुलाबपाणी शिंपडणारी, पेढा देणारी. नाव ठेवलं मैना. पहिल्याच लग्नात नवरीच्या आजीनं गेटवर तमाशा केला. "आवाज बाईचा आणि अंगावर चिंधी नाही! लाज आहे का रे मेल्यांनो?" असं म्हणून स्वतःची शाल काढून मैनेला गुंडाळली. मे महिना, भर दुपार. मैनेच्या पाठीत दोन पंखे असतात, ते शालीखाली गुदमरले. ती अशी तापली की नवरदेवाला सोडून घोड्याचंच स्वागत करत बसली. ताटातले पेढे घोड्यानं संपवले.

"भाई, अंग सगळं झाकलेलं पाहिजे," ललितशेठ म्हणाले, "आणि पाठीला वारा पण लागला पाहिजे. माझ्याकडं सगळ्या समाजाची लग्नं होतात. कुणी बोट दाखवता कामा नये." मैना टेम्पोत उभी होती. त्यांनी तिला उतरवून गाळ्याच्या दारात आणलं. "घ्या माप."

सलाउद्दीनभाईंनी मान खाली घातली. "मापाचा ड्रेस?"

"अहो, यंत्र आहे ते!"

"आवाज बाईचा आहे ना?"

"आहे."

"मग टेप लागणार नाही."

आता काय बोलणार कप्पाळ! मीच उठले टेप घेऊन. छातीचं माप घ्यायला वाकले तर मैना म्हणाली, "नमस्कार, आपले स्वागत आहे," आणि दोन्ही हात जोडले. माझी मान तिच्या कोपरांत अडकली. ललितशेठनं बटण शोधेपर्यंत मी तशीच वाकून उभी होते आणि रस्त्यावरचे लोक थांबून बघत होते. सुटले तेव्हा टेप फेकला आणि म्हटलं, "माझ्याच्यानं व्हायचं नाही."

तेवढ्यात सलाउद्दीनभाईंनी चष्म्यावरून एकदा बघितलं. "अंगलोट ओळखीची आहे," म्हणाले. वर गेले आणि दोरीवर वाळत घातलेला भाभींचा ड्रेस घेऊन खाली आले. मैनेच्या खांद्याला लावून बघितला. तंतोतंत!

मग त्यांना जो चेव आला तो मी पंचवीस वर्षांत बघितला नव्हता. गिऱ्हाईकांचे ढीग तसेच पडले. पहिला ड्रेस साटीनचा शिवला, त्यात मैना पाच मिनिटांत गरम. दुसऱ्याला पाठीला खिडकी ठेवली, तर लॉन्सच्या गेटवर रांगेतल्या बायकाच ओरडल्या, "शी, उघडी पाठ!" तिसऱ्याला त्यांनी पाठीवर दुहेरी चुण्या घातल्या, आत जाळी, बगलेतही जाळी, बाह्या मनगटापर्यंत, वर ओढणी. पंखा चालला की चुण्या जरा उघडायच्या, वारा आरपार, आणि बाहेरून तीळभर काही दिसायचं नाही.

या तिसऱ्यासाठी कापड तेवढं थंड हवं होतं. कपाट उपसलं, तर तळाशी एक गाठोडं निघालं. मोतिया रंगाचं, बारीक निळ्या बुट्टीचं. चिठ्ठीवरची शाई उडून गेलेली. "कुणी गिऱ्हाईक विसरलं असेल," म्हणाले आणि कात्री चालवली. मी भाभींचं कापड कधी डोळ्यांनी बघितलं नव्हतं. पण मला तरी शंका यायला नको का? नाही आली. ओढणीला पिको मी माझ्या हातानं केला.

दुसऱ्या दिवशी भाभी जिन्यात भेटल्या. चेहरा नुसता उजळलेला. "कुसाताई, यांनी माझा मापाचा ड्रेस स्वतःहून नेला! यावेळी खरंच शिवतायत." ड्रेस कुणासाठी नेला ते मला ठाऊक होतं. बोलले नाही. त्याची लाज मला अजून वाटते.

खाली सलाउद्दीनभाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "काय फिटिंग बसलंय! अशी बाई गिऱ्हाईक मिळायला नशीब लागतं. तारीख विचारत नाही, तक्रार करत नाही, परत आणत नाही."

निकाह ललितशेठच्याच लॉन्सवर होता. तो दिवस आला आणि भाभींचा ड्रेस काही आला नाही. "ईदला नक्की," असं सांगून ते सकाळीच लॉन्सवर पळाले. भाभी जायला तयार नव्हत्या. खुशनुमाचे तीन फोन आले, ती रडली, तेव्हा तोच जुना मापाचा ड्रेस घालून निघाल्या. मीही बरोबर होते.

बायकांच्या गेटवर मैना उभी. मोतिया रंग, निळी बुट्टी, पाठीवर चुण्या झुळझुळ हलतायत.

भाभी थांबल्या. ओढणीचं टोक हातात धरून बोटांनी चाचपलं. "ये कपड़ा अम्मी का है," एवढंच म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"नमस्कार, आपले स्वागत आहे," मैना म्हणाली. "पेढा घ्या."

"पेढा नको. ड्रेस काढ."

"पेढा घ्या."

"काढ म्हणते ना!"

भाभींनी डोळे पुसले. मैनेचा हात धरला आणि मंडपाच्या कनातीमागं ओढत नेलं. तिथं मात्र थबकल्या. "बाईमाणूस आहे," म्हणाल्या, "चौघी जणी ओढण्या धरा." खरं सांगते, आम्ही चौघींनी ओढण्या धरल्या, आणि माना दुसरीकडं वळवल्या! आतून अधूनमधून आवाज येत होता, "नमस्कार, आपले स्वागत आहे." दहा मिनिटांनी भाभी बाहेर आल्या. अंगावर अम्मीचं कापड. मागं मैना भाभींच्या जुन्या नायलॉनमध्ये. तोही तिला तंतोतंत, का नाही बसणार?

नायलॉननं व्हायचं तेच झालं. मैना चार पाहुण्यांपर्यंत टिकली, पाचव्याला अर्धा नमस्कार करून वाकली ती वाकलीच. आम्ही तिला कनातीमागं खुर्चीत बसवलं. पाहुणे तर येत होते. भाभींनी ताट उचललं आणि गेटवर स्वतः उभ्या राहिल्या.

मैना बंद पडल्याचा निरोप ललितशेठला गेला. ते सलाउद्दीनभाईंना मागच्या वाटेनं घेऊन आले. पाठमोरा ड्रेस बघून सलाउद्दीनभाई हसले. "बंद कुठंय शेठ? पेढे तर वाटतेय." जवळ आले, पाठीच्या चुण्या दोन बोटांनी सारख्या केल्या आणि दोन पावलं मागं सरकून म्हणाले, "माशाल्लाह! काय दिसतंय! तीस वर्षांत असा ड्रेस कुणाला शिवला नाही मी."

भाभी वळल्या.

सलाउद्दीनभाईंचा रंग उडाला. त्यांनी ड्रेसकडं बघितलं, बुट्टीकडं बघितलं, आणि ते गाठोडं कुणाचं होतं ते आत्ता कुठं त्या माणसाच्या डोक्यात शिरलं. माफी मागायची, तर तीही सुचेना. शेवटी प्रत्येक गिऱ्हाइकाला म्हणतात तेच तोंडातून आलं, "कुठं सैल-घट्ट वाटत असेल तर..."

"खांद्यात थोडा सैल आहे," भाभी म्हणाल्या.

"द्या इकडं. परवा नक्की करून..."

"हात लावायचा नाही!" भाभी ताट घेऊन दोन पावलं मागं सरल्या. "सैल तर सैल. हा मी अंगावरून काढणार नाही."

आणि त्यांनी नवऱ्याला पेढा दिला.