स्टूल कुणाच्या जागी?

माझ्या वर्गात असताना तिला मुलं फूटपट्टी म्हणायची. चौथीतल्या त्या मुलीच्या वहीत समास असा आखलेला असे की तपासताना माझाच हात सरळ होई. पुढे ती परिचारिका झाली आणि गेली बारा वर्षं इथल्या मोठ्या इस्पितळात पुरुषांचा वॉर्ड सांभाळते. रविवारी माझ्याकडे येते, स्वयंपाकघरातल्या ओट्याला टेकून बोलते. ही हकिकत तिनेच मला सांगितली. थोडी भर पडली ती वेतवाल्या काकांकडून. तेही बोलायला कमी नाहीत.

तिचा वॉर्ड पाहण्यासारखा. वीस खाटा, वीस स्टुलं, वीस लहान कपाटं. सकाळी साडेसहाला मावशी फरशी पुसायला आल्या की सगळी स्टुलं खाटेखाली, तांबे कपाटावर उजव्या कोपऱ्यात, चपला पायथ्याशी. श्रीमंताची खाट असो की रस्त्यावरून उचलून आणलेल्याची, नियम एकच. "माझ्याकडे डावंउजवं चालत नाही," असं ती अभिमानाने सांगायची, आणि मी मान डोलवायचे.

एके दिवशी चौदा नंबरच्या खाटेवर वेतवाले काका आले. वय सत्तरीच्या पुढे, वेताच्या खुर्च्या विणण्याचं दुकान आणि मागे एक खोली. एकटेच राहणारे. पंचविशीपासून दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही. वेताची सळ पायात घुसून जखम चिघळली होती, ताप होता.

"काय म्हणून हाक मारू तुम्हाला?" सिस्टरने विचारलं. हे ती प्रत्येकाला विचारते.

"वेतवाला म्हणा. आईबापांनी ठेवलेलं नाव आता मलाच आठवावं लागतं."

चार दिवसांत ताप उतरला, जखम भरायला लागली. पण काका धडपडू लागले. एकदा तांबा सांडला. एकदा दुसऱ्याच्या खाटेवर जाऊन बसले, तर तिथला ट्रकवाला ओरडला, "अहो आजोबा, मांडी माझी आहे!" सगळा वॉर्ड हसला, काकाही हसले. तिसऱ्यांदा मात्र नडगी सोलवटली. सिस्टरने आपल्या मोत्यासारख्या अक्षरात नोंदवहीत तिन्ही वेळा लिहिलं: वारंवार धडपडतात, स्वतःचं स्वतः करू शकत नाहीत.

मोठ्या डॉक्टरांनी ते वाचलं आणि काकांच्या भाचीला बोलावलं. "यांना एकटं ठेवणं बरोबर नाही. एखाद्या संस्थेत जागा बघा. शनिवारी ठरवू."

भाची डोळे पुसत बाहेर गेली. काका त्या दिवशी जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सिस्टर जखम धुवायला बसली. काकांनी हात लांब करून हवेत चाचपला.

"आज स्टूल कुठे ठेवलंत?"

"जागच्या जागी आहे, काका."

"कुणाच्या?"

सिस्टर म्हणते, तिच्या हातातला कापूस तसाच राहिला.

"आलो त्या संध्याकाळी मी सगळं हाताने बघून घेतलं होतं," काका म्हणाले. "खाटेपासून दोन पावलांवर स्टूल. स्टुलाला उजवा हात लावून वळलं की अकरा पावलांवर संडासाचं दार. तांबा डाव्या हाताला. सकाळी उठतो तर स्टूल गायब! मला वाटलं, चोरीला गेलं. संध्याकाळी पुन्हा मांडलं, सकाळी पुन्हा गायब. मी रोज घर लावतो, तुम्ही रोज मोडता."

"मग सांगायचं नाही का?"

"दोनदा सांगितलं. मावशी म्हणाल्या, इथे नियम सगळ्यांना सारखा."

ते वाक्य तिचंच होतं. मावशींना तिनेच पढवलेलं.

मला हे सांगताना ती म्हणाली, "बाई, त्यांचे डोळे रोज सकाळी साडेसहाला मीच काढून नेत होते, आणि वर लिहीत होते की यांना जमत नाही." मी तिला काय बोलणार? उंचीप्रमाणे बसवायचं म्हणून एका चष्मेवाल्या पोराला मी वर्षभर शेवटच्या बाकावर ठेवलं होतं. न्याय केला असंच वाटत होतं मला.

ती तडक डॉक्टरांकडे गेली. "चौदा नंबरच्या त्या तिन्ही नोंदी चुकीच्या आहेत. चूक पेशंटची नाही, माझी आहे."

"उद्या घरी पडले तर?"

"त्यांच्या खोलीत वस्तू हलवणारी सिस्टर नाही, सर. शनिवारपर्यंत थांबा. शनिवारी तुम्हीच बघा."

मग काकांनी सांगायचं आणि मावशींनी ठेवायचं, असं सुरू झालं. स्टुलाच्या पायांभोवती मावशींनी खडूने गोल काढले. सकाळी त्यांच्याच पोछ्याने ते पुसले गेले. शेवटी सिस्टरने जखमेवर लावायची पांढरी चिकटपट्टी आणली आणि फरशीवर चौकोन केले. स्टुलाचे चार, चपलांचा एक. तांब्याचा कपाटावर, डावीकडे.

वॉर्डाला तर खेळच मिळाला. ट्रकवाला मुख्य पहारेकरी झाला. कुणी भेटायला आलं की आधी दम: "ओ पाव्हणं, चौकोनाच्या बाहेरून!" काका दिवसातून सहा वेळा दारापर्यंत जाऊन यायचे, गरज असो वा नसो. "आजोबा, पोट बिघडलं काय?" ट्रकवाला विचारायचा. "नाही रे, रस्ता घासून गुळगुळीत करतोय!"

शनिवारी डॉक्टर आले. भाची भिंतीला टेकून उभी होती. डॉक्टरांनी बोलायला म्हणून सहज स्टूल ओढलं, बसले, जखम पाहिली आणि उठले. स्टूल राहिलं हातभर बाजूला, अगदी वाटेत.

"हं, काका, दारापर्यंत जाऊन दाखवा."

सगळ्यांनी पाहिलं. ट्रकवाल्याने तोंड उघडलं, तेवढ्यात सिस्टरने ओठांवर बोट ठेवलं. तिचे स्वतःचे पाय मात्र पुढे धावायला निघाले होते. तिने खाटेचा दांडा घट्ट धरला. धरायला त्यांच्याजवळ पोहोचता येईल एवढंच अंतर तिने ठेवलं होतं.

काका उभे राहिले. एक पाऊल टाकलं आणि थांबले.

"डॉक्टरसाहेब, उठताना स्टूल जागेवर ठेवलं नाहीत तुम्ही. ओढल्याचा आवाज आला, ठेवल्याचा आला नाही."

ते वाकले, हाताने स्टूल शोधलं, बोटांनी पट्टीची कड चाचपली आणि चारही पाय चौकोनात नेमके बसवले. मग वळले. अकरा पावलं, दार. तिथून ओरडले, "आत जाऊन दाखवू का?"

वीसच्या वीस खाटा हसल्या. डॉक्टर तर इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला. त्यांनी वहीत काय लिहिलं ते सिस्टरने मोठ्याने वाचून दाखवलं: "घरी एकटे राहू शकतात. घरातल्या वस्तू विचारल्याशिवाय हलवू नयेत."

भाचीचा चेहरा एकदम उतरला.

"आता काय झालं?" सिस्टरने विचारलं.

"मी... कालच खोली आवरली. सगळी. खुर्च्या भिंतीला लावल्या, भांडी फळीवर लावली. मामा घरी येतील तर बरं दिसेल म्हटलं."

काकांनी कपाळावर हात मारला. "अगं सटवे, म्हणजे आता माझ्याच घरात मी पाव्हणा!"

आणि असे खदाखदा हसत सुटले की त्यांना सावरायला भाचीला हात धरावा लागला. रविवारी सिस्टर माझ्याकडे आली नाही. ती आणि भाची दुकानामागच्या खोलीत होत्या. मधोमध काका उभे राहून सांगत होते, "डावीकडे. अजून डावीकडे. हां, आता हात काढ," आणि दोघी निमूटपणे ऐकत होत्या.