निलेशचे चौऱ्याऐंशी किलोमीटर

मंडळी, ऑफिसातून येऊन तास झाला, पण अजून एका जागी बसवत नाहीये. तुम्हीच सांगा.

मी पनवेलच्या एका कंपनीत अकाउंट्स बघते. आमचा ओवे गावचा निलेश कंपनीतर्फे मस्कतला असतो. कंपनीच्या कामासाठी स्वतःच्या गाडीने दुबईला जातो आणि किलोमीटरप्रमाणे पैसे घेतो. आज त्याच्या बिलावर साहेबांनी लाल पेनाने लिहिलं, ‘चौऱ्याऐंशी किलोमीटर जास्त. खासगी फिरणं दिसतंय. कापा.’

मी निलेशला फोन लावला.

तो म्हणाला, “मॅडम, गेल्या महिन्यात साहेब दुबईला आलते ना? त्यांना नि वहिनींना सोनं घ्यायला मीच फिरवलं.”

“मग साहेबांना सांगते तसं.”

“नाय, नको! कापून टाका. मला अजून दोन वर्षं काढायची हायत इथं.”

कापले. कारण म्हणून ‘खासगी’ लिहिलं, सही केली.

साहेब म्हणाले, “बघा, लक्ष ठेवावं लागतं.”

आणि मी चक्क मान डोलावली हो!

निलेशने गप्प राहायला सांगितलं होतं. मान डोलवायला कुणी सांगितलं होतं मला?