हैदराबादला मी काय शिकते

कळंबच्या स्टँडवर लातूरची एसटी लागली, तशी अण्णांनी, माझ्या वडिलांनी, माझी बॅग आत ठेवली आणि ते खाली जाऊन उभे राहिले. आईला तेवढ्यात शेजारच्या शकुंतलाकाकू भेटल्या. "कुठं निघाली लेक?" काकूंनी विचारलं. आई म्हणाली, "हैदराबादला. फार्मसीच हाय, पण मोठ्या कॉलेजात."

खिडकीतून मला ते ऐकू आलं. फार्मसी मी दुसरं वर्ष संपवून सोडली होती. प्रवेश परीक्षा देऊन हैदराबादच्या एका मोठ्या विद्यापीठात भाषाशास्त्राला जागा मिळवली होती. सहजासहजी मिळत नाही ती. पण बस हलली, आणि आईचं वाक्य तसंच राहिलं.

फार्मसीतल्या माझ्या मैत्रिणींनो, तुम्हाला आठवत असेल, मला तिथं काही जड जात नव्हतं. मार्क चांगले पडायचे. पण प्रॅक्टिकल चालू असताना माझं लक्ष तुमच्या बोलण्याकडंच असायचं. बेंबळीची मुलगी एखादा शब्द असा का म्हणते आणि परांड्याची तसा का, हेच माझ्या डोक्यात. तुम्ही हसायचात. आता तुमच्या पदव्या झाल्या, एकीनं तर कळंबमध्येच मेडिकल टाकलं. मी मात्र अजून शिकतेच आहे, कारण इथं पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरुवात करावी लागली.

वर्गातली मुलं माझ्याहून लहान, मोठ्या शहरांतल्या शाळांतून आलेली. ती इंग्रजीत विचार करतात, मी आधी वाक्य जुळवते. तोवर चर्चा पुढं गेलेली असते. पहिल्या असाइनमेंटवर सरांच्या इतक्या खुणा होत्या की मी ती हॉस्टेलवर कुणाला दाखवली नाही. घरी असताना मी हुशार होते. इथं मधली आहे. विषय आवडतो, त्याबद्दल शंका नाही. पण आवडीच्या कामानंही माणूस दमतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

सुट्टीत घरी आले की बायका गोळ्यांची पाकिटं घेऊन यायच्या. ही कशाची, ती जेवणाआधी की नंतर. "डॉक्टरांना विचारा" एवढं म्हणून मी वेळ मारून न्यायचे. यंदाच्या दिवाळीत रात्रभर प्रवास करून आले, आंघोळही व्हायची होती, तोच शकुंतलाकाकू आल्या.

"यांची बीपीची गोळी बंद करायचं म्हणतीय. आता काय त्रास न्हाय त्यांना. तू म्हणलीस तर आजपासूनच बंद."

मी आईकडं पाहिलं. ती मान खाली घालून भाकरी थापत होती.

"बंद करू नका, काकू. डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर नाहीच. आणि मला विचारू नका. मी औषधांचं शिकत नाही. सोडलं ते कधीच."

"मग काय शिकतीस?"

"भाषाशास्त्र."

"म्हंजी मराठीची बाई व्हणार?"

"तसंच काहीतरी," मी म्हणाले. समजावून सांगायचं त्राण नव्हतं.

काकू गेल्यावर आई रागावेल असं वाटलं होतं. ती तव्याकडं बघत म्हणाली, "फार्मसी सांगितलं ते तुझी लाज वाटती म्हणून न्हाय. मला दुसरं काय सांगताच येत न्हवतं. तू मला कवा नीट सांगितलंस?"

खरंच होतं. सगळं अण्णांना सांगितलं होतं. आईला फक्त कॉलेज चांगलं आहे, एवढंच.

मग तिच्याजवळ बसून सांगायला लागले. लहान मूल कुणी न शिकवता बोलायला कसं शिकतं. तेर आणि तुळजापूर इतकं जवळ, तरी बोलणं का बदलतं. तिनं एकही भाकरी करपू न देता सगळं ऐकलं.

"अन् हे कळून काय व्हतं?"

"माहीत नाही अजून."

"बरं," ती म्हणाली. "कुणी विचारलं तर तसंच सांगते."

हाच प्रश्न विद्यापीठात कुणी विचारला, तर मी इंग्रजीत लांबलचक उत्तर देते. पाठच झालंय ते. माहीत नाही, असं तिथं म्हणता येत नाही. आईपुढं म्हणता आलं, आणि तिनं ते ऐकून मला वाढायला घेतलं. माहीत नाही म्हणता येतं अशी जागा, घर आता माझ्यासाठी तेवढंच उरलंय. तेवढ्यासाठी मी येत राहीन.