माळावरचा जिताडा

त्या दिवशी सकाळी आम्ही दोघं नवराबायको शेततळ्याच्या काठावर मासे चारायला बसलो होतो. तिच्या हातात जुनी जर्मनची ताटली. ती चमच्यानं टणटण वाजवली की मासे कडेला यायचे. मी खाद्याची बादली पुढं सरकवली तर म्हणाली, "अहो, हात आवरा. आभाळ भरलंय, वारा बी पडलाय. आज कमीच टाकायचं."

"आभाळाचा अन् त्यांच्या पोटाचा काय संबंध?"

"खाल्लं की त्यास्नी हवा जास्ती लागती. अन् ऊन नसलं की पाण्यातली हवा कमी हुती. किती डाव सांगू तुमाला?"

ताटली धुऊन तिनं कट्ट्यावर पालथी घातली. घरी येऊन चुलीपुढं बसली, ती तिथंच कलंडली. डॉक्टर येईस्तोवर सगळं संपलं होतं. लेक रायगडाकडं दिलीय. ती दिवस मावळता पोचली, मग आम्ही हिला मसणवट्यात नेलं.

त्याचं एवढंच सांगतो. मला माशांचं सांगायचंय, कारण ते तिचं काम होतं.

मागल्या वर्षी लेकीच्या सासरी हिनं जिताडा खाल्ला. हा मासा समुद्रातला, खाडीतला. व्याही म्हणाले, नीट सवय लावली तर गोड्या तळ्यातही वाढतो. झालं! येताना बाईनं हवा भरलेल्या पिशव्यांतून बोटाएवढी पिल्लंच आणली. कळंबहून खडेमीठ आणून घरच्या हौदात खारं पाणी केलं, त्यात ती सोडली. मग रोज हौदातलं थोडं पाणी उपसायचं आणि तेवढंच विहिरीचं ओतायचं. जिभेवर थेंब ठेवून ती चव बघायची.

मी वैतागलो. "टाक की एकदम तळ्यात. पाणी ते पाणी."

"तसं न्हाय. खाऱ्यात मासा सारखा पाणी पितो अन् मीठ भाईर टाकतो. गोड्यात उलटं. पाणी भाईर टाकायचं अन् मीठ धरून ठिवायचं. अंगाला वळण लागाया येळ लागतो. मी मुरूमच्या माहेराहून तुमच्या घरात आले, तवा एका दिसात रुळले व्हय?"

"तू अजून बी रुळली न्हाईस."

"मंग माशाला तरी येळ द्या."

भावकीतला शेजारी बांधावरून ओरडायचा, "वैनी, समुद्राचा मासा आणला, आता जहाज कवा आणताव?"

"आधी तुमाला पवायला शिकवते," ही म्हणायची.

पिल्लं जगली. पाणी पार गोडं लागायला लागलं तेव्हा तिनं ती तळ्यात सोडली. थंडीत त्यांनी खाणं सोडलं आणि तळाशी गप पडून राहिली. मला वाटलं, गेली. ती म्हणाली, गारठ्यानं अंग मंद झालंय, दुसरं काही नाही. आणि खरंच, ऊन तापलं तसं ताटलीच्या आवाजावर पाणी उसळायला लागलं. पावसाळ्यापर्यंत मासे हातभर झाले.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आभाळ तसंच गच्च होतं. घरात चूल बंद. भावकीनं आणलेली भाकरी उरली होती, ती घेऊन हिची थोरली बहीण तळ्याकडं गेली. तिथूनच तिची हाक आली.

"दाजी, मासे बघा की! समदे तोंड उघडून वर आलेत. मालकीण गेली, कुणी चारलं न्हाय, उपाशी हायेत बिचारे!"

मी पळतच गेलो. तिनं भाकरीचा एक तुकडा टाकलेला होता, पण एकही मासा त्याच्याकडं वळत नव्हता. भुकेला मासा झेप घेतो. हे जागच्या जागी तरंगत वरचं पाणी गिळत होते.

"टाकू नका, आक्का! भूक न्हाय ती. दम कोंडलाय त्यांचा."

आमची मोटार उन्हावर चालते, त्या आभाळात ती काय चालणार? मी शेजाऱ्याला म्हटलं, "तुझं डिझेल इंजन आण."

भावकीतला एक म्हातारा मधी पडला. "सुतक हाय. आज कामाला हात लावू नगंस."

"हे मेले तर दुसरं सुतक धरू का? तिनं पोटच्यागत वाढवलेत."

शेजाऱ्यालाही सुतक होतं. तरी तो तडक इंजन आणायला गेला. इंजन येईस्तोवर मी, लेक, आक्का बादल्या भरून उंचावरून तळ्यात ओतत राहिलो. रडायला आलेल्या बायांनी पदर खोचले आणि त्याही काठाला लागल्या. इंजन आलं, धडधडलं. तळ्यातलंच पाणी पाइपातून वर जाऊन दगडावर आपटून फेसाळत परत तळ्यात पडायला लागलं. सगळे मासे त्या धारेकडं वळले. आम्ही नुसतं बघत उभे. हळूहळू एकेक तोंड मिटलं, एकेक पाठ खाली गेली. तेवढ्यात ऊनही पडलं.

शेजारी तळ्याकडं बघून म्हणाला, "वैनी, जहाज न्हाय, पर इंजन आलं बगा!"

सुतकातली सगळी माणसं हसली. मी सगळ्यांत मोठ्यानं.

तळ्याला फेरी मारली. एकही मासा उताणा नव्हता. समुद्राचा मासा आमच्या कोरड्या माळावर जगला, तिच्यामागंही जगला. ज्याला यायचं त्यानं येऊन बघावं.

ऊन चांगलं वर आल्यावर मी ताटली उचलली आणि चमच्यानं टणटण वाजवली. आजवर ती मी कधी वाजवली नव्हती. सगळे कडेला आले, पाणी नुसतं उसळलं.

"आज काय मिळायचं न्हाय," मी त्यांना म्हटलं. "आधी पोटभर हवा खा. उद्या या."

ताटली धुतली आणि कट्ट्यावर तिच्या जागी पालथी घातली.