वळण येण्याआधी

माझे मिस्टर डॉलर-रुपयाच्या सौद्यांत शिरले ते नोकरी सुटल्यावर. आम्ही बेव्हर्ली पार्कला राहायला येऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. मी दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला जायचे, ते घरी लॅपटॉप उघडून बसायचे. बाजार नऊ ते पाच, म्हणजे ऑफिसचीच वेळ. त्यामुळे सुरुवातीला मला बरंच वाटलं.

त्यांचा नाद एकच, भाव कुठे वळतोय ते पकडायचं. मला समजावून सांगायचे, की डॉलर चढत जातो आणि एक दिवस वरून खाली ढकलला जातो. तेव्हा चार्टवर लांब शेंडीची एक कँडल, म्हणजे त्या दिवसाच्या भावाची उभी पट्टी, उमटते. ती दिसली तरी घाई करायची नाही. दुसऱ्या दिवशी भाव खरंच उतरला तरच विकायचं, म्हणजे तो आणखी पडल्यावर स्वस्तात परत घेता येतं. आणि आपण चुकलोच तर कुठल्या आकड्याला बाहेर पडायचं, तो स्टॉप लॉस आधीच टाकून ठेवायचा. वर्षभर त्यांनी हे पाळलं. थोडं जायचं, त्याहून थोडं जास्त यायचं.

राई गावाहून आमच्याकडे मासे घेऊन येणाऱ्या मावशींना हे कळलं ते माझ्यामुळेच. मी कौतुकाने बोलून गेले. त्यांनी नुकताच खाडीकडचा जमिनीचा तुकडा विकला होता. आठवड्याने त्या दारात बसून म्हणाल्या, "बँकेत काय वाढत न्हाय. सायबांना इचारा, माझं थोडं लावतील का?" मी नाही म्हणायला हवं होतं. मी विचारलं, आणि यांनी पैसे घेतले.

त्यानंतर यांचं दुसऱ्या दिवसाची वाट बघणं बंद झालं. त्यांना जिथे तिथे वळण दिसायला लागलं. जेवताना उजव्या हाताने घास आणि डाव्या हातात मोबाइल. मी काही विचारलं की हूं म्हणायचे, पण ऐकलेलं नसायचं.

एका दुपारी मी लवकर घरी आले. ते खुर्चीत नव्हते, लॅपटॉपसमोर उभे होते. डॉलर चार दिवस चढत होता आणि हे रोज विकत होते. स्टॉप लॉस कुठे आहे, मी विचारलं.

"काढून टाकला," ते म्हणाले. "दरवेळी तो मला बाहेर काढतो आणि मग भाव वळतो."

"आणि नाही वळला तर?"

"वळतोच. आज ना उद्या."

आवाज अगदी शांत होता. ते चिडले असते तर मला एवढी भीती वाटली नसती.

त्याच आठवड्यात मावशींनी बोंबलांवर दोन जास्तीचे घातले आणि साहेब बरे आहेत ना, असं विचारलं. मी हो म्हटलं आणि पातेलं घेऊन आत गेले.

सोमवारी ब्रोकरचे मेसेज येत राहिले, आणखी पैसे भरा म्हणून. भरायला काही नव्हतं. मंगळवारी सकाळी ब्रोकरने सगळे सौदे स्वतःच बंद करून टाकले. मावशींचं सगळं गेलं, आमचं बहुतेक.

गुरुवारी डॉलर वळला. संध्याकाळी मी चप्पल काढायच्या आत यांनी मला हाताला धरून स्क्रीनसमोर नेलं. ती लांब शेंडी बोटाने दाखवली. हसत होते. "बघ, मी चुकलोच नव्हतो." मग त्याच दमात विचारलं, "तुझ्या पीएफमधून किती निघतील?"

रविवारी मी रिक्षा करून राईला गेले. एकटीच. मावशी ओट्यावर सुकट निवडत होत्या. मी सगळं सांगितलं, बांगड्या मोडून आणलेले पैसे पुढे ठेवले, बाकीचे हळूहळू देईन म्हटलं. त्यांनी हात थांबवला नाही. निवडता निवडताच म्हणाल्या, "तुमी आलात. सायब न्हाय आले."

त्या पुन्हा आमचा जिना चढल्या नाहीत. हे अजून नऊला लॅपटॉप उघडतात, नुसता बघतोय म्हणतात. पीएफचे कागद मी दवाखान्यातल्या ड्रॉवरमध्ये ठेवलेत. परवा त्यांनी सहज विचारलं, की त्या ड्रॉवरची किल्ली कोणाकडे असते.