छाणीच्या उतारावरचा आवाज

भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की मी उठून चहा टाकायला जाते, अशी माझी घरात ख्याती आहे. मी फिजिओथेरपिस्ट. हाडं, स्नायू, नसा... त्यापलीकडचं मला काही कळत नाही आणि जाणून घ्यायचंही नव्हतं. त्यामुळे हे लिहिताना जरा संकोच वाटतोय.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. भर दुपार. कोयलीला नणंदेकडे जेवून मी आणि सासूबाई बडोद्याला परत निघालो होतो. गाडी आमचीच, नवी घेतलेली, आता थोडी जुनी झालेली – साधी मॅन्युअल गिअरची. सासूबाई शेजारच्या सीटवर, काचेला डोकं टेकवून गाढ झोपलेल्या. त्यांचं माहेर साताऱ्याचं. इतकी वर्षं बडोद्यात काढूनही त्यांचं गुजराती भाजीवाल्यापुरतंच. आणि गाडी सोडाच, त्यांनी आयुष्यात सायकलही चालवलेली नाही.

छाणीच्या अलीकडे पुलाच्या उताराला लागलो. चौथा गिअर. खाली सिग्नलला टँकर उभा, त्याच्या मागे स्कूटरवर दोन बायका. मी ब्रेक दाबला – पाय थेट तळाला गेला. पुन्हा दाबला. काहीच नाही. हॉर्नसुद्धा सुचला नाही मला...

"गभराता नहीं, बेन. त्रीजो नाखो."

सासूबाई बोलल्या. आवाज त्यांचाच, पण संथ, खालच्या पट्टीतला. आणि भाषा – अस्सल गावाकडची गुजराती. मी क्लच दाबून तिसरा टाकला. इंजिन गुरगुरलं, गाडी धरल्यासारखी झाली.

"हवे बीजो. क्लच धीमे छोडो."

दुसरा टाकला. वेग उतरला, तरी स्कूटर जवळ येतच होती. माझा हात हँडब्रेककडे गेला तसं त्या म्हणाल्या, एकदम ओढू नका, गाडी फिरेल, थोडा थोडा ओढा. हेही गुजरातीतच. मी तसंच केलं आणि गाडी डावीकडे मातीत घातली. थांबली. स्कूटरवरल्या बायकांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

मी शेजारी बघितलं. सासूबाईंचे डोळे मिटलेले. त्यांना हलवलं, तर दचकून म्हणाल्या, "अगं, इथे का थांबलीस? घर आलं?"

"आई, आत्ता तुम्हीच सांगत होतात ना, गिअर टाका म्हणून?"

"मी? मला मेलीला काय कळतंय गिअरमधलं!"

संध्याकाळपर्यंत त्यांचा आवाज मात्र बसलेला होता. तंबाखू खाल्ल्यासारखी तोंडाला चव येतेय, म्हणत होत्या. सारख्या चुळा भरत होत्या.

मेकॅनिक म्हणाला, ब्रेक ऑइलची नळी फुटली होती. नवरा म्हणतो, तुलाच कुठेतरी वाचलेलं आठवलं असेल, भीतीत आवाज ऐकू आला. असेल. पण मला बीजो, त्रीजो असं सुचत नाही हो, मी घरी मराठीत आणि क्लिनिकमध्ये हिंदीतच बोलते. आमच्या ओळखीत ड्रायव्हर कोणी नाही, वारलेला तर नाहीच.

सासूबाईंना मी पुन्हा कधी विचारलं नाही. उगाच धसका घेतील.

परवा त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेत होते. रस्ता मोकळा, ब्रेक ठणठणीत. त्या झोपल्या होत्या. मध्येच, डोळे न उघडता, त्याच संथ आवाजात म्हणाल्या,

"बेन, क्लच परथी पग लई लो."

मी खाली पाहिलं. माझा डावा पाय खरंच क्लचवर टेकलेला होता.

मी तो काढून घेतला... आणि का कोण जाणे, हळूच "हो" म्हणाले.